गोगलगायीच्या पोटात

३ नोव्हेंबर, सोमवार

पंप आपोआप चालू झाला. नळ एकही उघडा नव्हता!

दुपारी जेवून गोगलगायीत, म्हणजे अंगणातल्या आमच्या ट्रेलरमध्ये, जरा आडवा झालो होतो, नव्या गादीचा अंदाज घ्यायला. डोळा लागतो न लागतो तोच भिंतीत कुठेतरी घुर्र — दोन-तीन सेकंद — बंद. उठून सिंकचा नळ बघितला, न्हाणीचा बघितला. दोन्ही घट्ट. मग घड्याळ समोर ठेवून बसलो. बावीस मिनिटांनी पुन्हा घुर्र.

पंप काही वेडा नसतो. पाइपातला दाब उतरला की उठतो, दाब भरतो, झोपतो. नळ बंद असताना दाब उतरतोय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. म्हणीतलं नव्हे, खरंखुरं पाणी.

आणि तेही आत्ता, तेरा दिवस उरलेले असताना. सोळा तारखेला, रविवारी सकाळी इस्पितळाची जीप येणार आणि आमचा हा ट्रेलर ओढून नेणार. लेक नर्स आहे. दूरच्या एका छोट्या इस्पितळात आठ महिन्यांची नेमणूक झालीय. जावई बोटीवर, उन्हाळ्याच्या आत काही यायचा नाही. तिथे नर्सांना तिघींत एक खोली, आणि मूल आणायचं नाही असा नियम. पण स्वतःचं चाकांवरचं घर आणलं तर ते आवारात लावून मुलासकट राहायची मुभा आहे. म्हणजे गोगलगाय धडधाकट असली तर नात आईबरोबर जाणार. नसली तर साडेतीन वर्षांची पोर आठ महिने आईवाचून.

त्यात तिची छाती नाजूक. गेल्या थंडीत घरघर लागून लेकीच्या मांडीवर बसून झोपायची. ओल म्हणजे तिला विषच. भिंतीच्या आत प्लायवूड भिजून बुरशी धरली तर त्यात तिला कसं निजवायचं?

दर वर्षी या आठवड्यात मी चार दिवस आक्काकडे असतो. यंदा आक्का लेकाकडे राहायला गेली, म्हणून घरीच. नाहीतर हा आवाज कानावर तरी आला असता का? देवाची कृपा म्हणायची की काय म्हणायचं.

हिला सांगितलं. मटार सोलत होती. म्हणाली, "बघा काय ते."

४ नोव्हेंबर, मंगळवार

टाकी पलंगाखाली आहे. सगळ्या नळकामात तेवढी एकच गोष्ट डोळ्यांना दिसते. तिच्यावर खडूने पाण्याची रेघ मारली.

बाकीचं सगळं फळ्यांमागे. माझ्याच फळ्या! अकरा वर्षांपूर्वी हा ट्रेलर मोडीत निघाला होता, तो आणून आतून नवा केला. जन्मभर बसगाड्यांच्या बॉड्या बांधल्या, शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं रंध्याने शिकवलं. त्यामुळे माझा एकच धर्म — सांधा दिसता कामा नये. खिळ्याचं डोकं दिसता कामा नये. भिंतीवरून हात फिरवला तर लोण्यावरून फिरवल्यासारखा गेला पाहिजे. तसंच केलं. इतकं बेमालूम की आता मलाच कुठून आत शिरावं ते कळत नाही. हात दाखवून अवलक्षण.

लाकूड माझं, पाणी धाकट्याचं. धाकटा म्हणजे माझा भाऊ, प्लंबर. त्याच्याबद्दल आज लिहीत नाही.

हिची शांतता मला बघवत नाही. घरात एवढा घोर, आणि ही कुंड्यांना पाणी घालते. जेवताना भाजी दोनदा करून वाढली, कारण मोठं पातेलं सापडत नाही म्हणे. या घरात पाणी हरवतं, पातेलं हरवतं. मी अजून जागेवर आहे हे नशीब.

५ नोव्हेंबर, बुधवार

चोवीस तासांत रेघेच्या खाली दोन बोटं! म्हणजे दोनेक लिटर.

काल ट्रेलरखाली वर्तमानपत्रं पसरून ठेवली होती. कोरडी ठक्क. कपाटाखाली, पलंगाखाली हात फिरवला — कोरडं. दोन लिटर पाणी रोज जातं, आणि थेंब कुठे दिसत नाही.

म्हणजे फळीच पितेय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज लेकीने तिचा स्टेथोस्कोप दिला. म्हणाली, "बाबा, छाती तपासता येते, भिंत का नाही येणार?" कानाला लावून पाऊण तास भिंतीभर फिरलो. रोगी मुका आणि डॉक्टर बहिरट! पंप सुरू झाला की आवाज सगळीकडून येतो. प्लायवूडची भिंत म्हणजे तबलाच, थाप इकडे मारली तरी तिकडे घुमते. कपाटापाशी जरा जास्त वाटला. पण पंप तिथे नाहीच. तो सिंकमागे आहे, मला पक्कं आठवतं. बसवताना मीच बॅटरी धरली होती.

नात दारात बसून बघत होती. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण एका जागी म्हणून ठरत नाही. मी काय शोधतोय विचारलं. म्हटलं, गोगलगायीच्या पोटातून पाणी येतंय, ते कुठून ते बघतोय. तर म्हणे, "पाणी नाही आबा, दूध. आजी रोज काढते."

गोगलगाय, म्हणून दूध! पोरांचं डोकं कुठून कुठे जाईल. जेवताना हिला सांगितलं तर हिला ठसकाच लागला.

लेक मात्र हसली नाही. नंतर ओसरीवर येऊन बसली आणि मला म्हणाली, ही राहण्याजोगी आहे की नाही ते खरं खरं सांगा, माझ्या समाधानासाठी सांगू नका. मी म्हटलं, अजून नऊ दिवस आहेत. ती म्हणाली, नऊ नाहीत. मूल आणणार की नाही ते मेट्रनला चौदा तारखेला संध्याकाळपर्यंत कळवायचं आहे.

म्हणजे आठवडा.

८ नोव्हेंबर, शनिवार

युक्ती केली होती. सगळ्या कडांनी, कपाटासमोर, पलंगासमोर टाल्कम पावडर भुरभुरली. पाण्याचा ओघळ आला तर पांढऱ्यावर दिसेल. तासाभराची वामकुक्षी काढून जातो तर लादी लख्ख! ही झाडून मोकळी. "काय घाण करून ठेवली होती," म्हणते.

बोललो जरा जास्तच. हल्ली रोज दुपारी मी झोपलो की ट्रेलरमध्ये जाऊन झाडझूड करते. लेकीचं घर म्हणून हात थांबत नसेल. आईचं काळीज. मी बोलायला नको होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

आज सिंकमागची फळी कापली.

लिहितानाही हात जड झालाय. शिसवी पट्टीची, कडेला गोलाई दिलेली फळी. ती गोलाई काढायला दोन दिवस लागले होते. गिरमिटाने भोक पाडलं, बारीक करवत आत घातली आणि सरळ खाली ओढली. स्वतःच्या पोराच्या कानफटात मारल्यासारखं वाटलं.

आत बॅटरी मारली. पंप नाही!

चार स्क्रूंची भोकं. भोवती धूळ नसलेला एक चौकोन — पंपाएवढा. पाइप तिथून वळवून जमिनीलगत पुढे नेलेला, कपाटाच्या दिशेने. पंप गेला कुठे? पाय फुटले? गोगलगाय आणि पोटात पाय ते असे!

बराच वेळ उकिडवा बसून राहिलो. मग हळूहळू उलगडलं. आता धाकट्याबद्दल लिहायलाच हवं.

काम संपत आलं होतं. तो म्हणाला होता, दादा, पंपासमोर एक झाकण ठेव, उघडता येईल असं. मी म्हटलं, झाकण म्हणजे माझ्या भिंतीला ठिगळ. तो म्हणाला, पाणी कधीतरी दार मागतंच. मी म्हटलं — हे शब्द मला पाठ आहेत, विसरता येत नाहीत — "तुझं काम पक्कं असेल तर दार कशाला लागेल?" चहा घेऊन ही उभी होती, शेजारचे दोघे होते. त्याने पाना खाली ठेवला. मी चपला घातल्या आणि तडक आक्काकडे गेलो. दोन दिवसांनी परत आलो तेव्हा तो निघून गेला होता. सिंकमागची फळी तेवढी लावायची राहिली होती. मी रागात होतो. मागे न बघता सरस लावून ठोकून टाकली.

मागे न बघता! पन्नास वर्षांत कधी असं काम केलं नव्हतं. शिकाऊ पोराने केलं असतं तर त्याच्या पाठीत धपाटा घातला असता.

त्या दोन दिवसांत धाकट्याने पंप हलवला. कुठे, ते तोच जाणे. अकरा वर्षं झाली. ना तो आला, ना मी गेलो. सुंभ जळला तरी पीळ काही जळत नाही.

ही दारात आली, फळीचं भोक बघितलं आणि मटकन पायरीवर बसली. "कापलंत?" एवढंच म्हणाली. चेहरा उतरलेला. फळीचं दुःख मला एकट्यालाच नाही म्हणायचं.

मग म्हणाली, भाऊजींना फोन करा.

मी करवत पुसत राहिलो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुसरी फळी. पलंगाच्या पायथ्याची. पाइप सापडला, कोरडा. चाचपत गेलो तर तो कपाटाच्या मागे शिरतो आणि गडप!

रोज नवी रेघ मारतोय; आजही पाणी तिच्याखाली दोन बोटं. नऊ दिवस झाले. अठरा लिटर! एवढं पाणी पिऊन कुठलीही फळी फुगते, रंग सोडते, वास मारते. मी नाक लावून हुंगलं — लाकडाचा वास, डांबरगोळ्यांचा वास, भिंगरीच्या दुलयांचा वास. ओलीचा नाही. हेच मला जास्त घाबरवतंय. वरून गोरंगोमटं आणि आतून पोखरलेलं असलं तर? जीपमागे खडखडत जाताना खालची फळीच बसली तर? लेक ती, दार लावून पोरीला कुशीत घेऊन झोपणार. मी म्हणायचं, जा बिनघोर, आणि ती माझ्या शब्दावर जाणार.

ही आज नीट जेवली नाही. तिसऱ्यांदा म्हणाली, फोन करा. मी म्हटलं, अकरा वर्षांनी फोन करायचा तो गळक्या नळासाठी? ती म्हणाली, मग कशासाठी करणार आहात? मीच आवाज चढवला.

भिंगरीने तिच्या डब्यात तीन गोट्या, एक कंगवा आणि माझा पट्टा भरून ठेवलाय. गोगलगायीत न्यायला.

खरं ते लिहितो, हे पान काही कोणाला सांगायला जात नाही. ते बघून मनातल्या एका लबाड कोपऱ्यातून आवाज आला — न सापडो. पोर इथेच राहील, आठ महिने, आबा आबा करत. लगेच स्वतःचे कान पकडले. गेल्या थंडीत ती रडायची ती आईच्या नावाने, आबाच्या नव्हे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काही केलं नाही. दिवसभर कपाटाकडे बघत बसलो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी करवत घेऊन गेलो. आता कपाटच उरलं होतं. हातची सगळ्यात चांगली वस्तू विचाराल तर ते कपाट. खाली तीन खण. माझे खण कधी पूर्ण बाहेर येत नाहीत, आत अडसर असतो, लहान मुलाच्या पायावर पडू नयेत म्हणून. एक खिळा नाही. ते उघडायचं म्हणजे फोडायचंच, परत जुळणार नाही.

गिरमिट टेकवलं. मागून ही आली आणि कपाटाला पाठ लावून उभी राहिली. चव्वेचाळीस वर्षांत ही बाई माझ्या हत्यारासमोर आली नव्हती.

"आधी फोन. मग करवत."

म्हटलं बाजूला हो, लागेल. म्हणाली, लागू दे. लेक आवाज ऐकून आली, भिंगरी तिच्या मागे. तिघी माझ्याकडे बघतायत आणि मी हातात गिरमिट धरून चोरासारखा उभा. उद्या संध्याकाळी लेकीला मेट्रनला सांगायचं आहे ते तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

फोन हिनेच लावून हातात दिला. नंबर तिला पाठ! मी विचारलं नाही, विचारायची वेळ नव्हती.

पलीकडे उचलला. श्वास ऐकू येत होता, जरा घोगरा झालाय.

मग तोच म्हणाला, "दादा, पाणी कुठे येतंय?"

"तेच सापडत नाही."

"पंप सिंकमागे नाही."

"कळलं. फळी कापली."

मग म्हणाला, "कापलीस? तू?"

"दोन कापल्या."

"अरे देवा," म्हणाला, आणि हसला की खोकला ते कळलं नाही. "कपाटाला हात लावू नकोस. उद्या पहिल्या बसने येतो."

ठेवला. ही डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. कपाट वाचलं म्हणून असेल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

किती लिहू!

साडेनऊला फाटकाशी आला. म्हातारा झालाय. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आणि केस माझ्याहून पांढरे. हातात तीच चामड्याची पिशवी. मला म्हणाला, वाळलास. मी म्हटलं, तू काय हिरवागार आहेस का? झालं. अकरा वर्षांचं बोलणं एवढ्यात आटपलं.

भिंगरीने त्याला विचारलं, तू कोण? तो म्हणाला, मी गोगलगायीचा डॉक्टर. ती म्हणे, मग तुझ्याकडे हे कुठाय, आणि आईचा स्टेथोस्कोप आणून त्याच्या गळ्यात घातला. तो तसाच गळ्यात ठेवून आत गेला.

कपाटासमोर बसला. सगळ्यात खालचा खण ओढला, आणि तो सरकन पूर्ण बाहेर आला! अडसर नव्हताच. मी म्हटलं, माझा अडसर? तो म्हणाला, तो माझ्या घरी आहे, अकरा वर्षं, खिडकीला लावतो.

मग मागच्या फळीला उजव्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबलं. टक्. फळी दारासारखी उघडली.

मी चष्मा शोधायला लागलो. सांधा खोटा वाटावा इतका बारीक. नखसुद्धा शिरलं नसतं. लहानपणी मीच त्याला तासायला शिकवलं होतं. तो नीट शिकला नाही, प्लंबर झाला, असं मी जगभर सांगत आलो. त्या दोन दिवसांत माझ्या पाठीमागे त्याने माझ्या कपाटात दार केलं होतं, आणि माझ्या भिंतीला डाग लागू दिला नव्हता.

चष्मा ट्रेलरमध्ये नव्हताच. घरातून घेऊन परत आलो तोवर त्याचं डोकं कपाटात होतं, आणि ही बाहेर पडत होती, पदराखाली काहीतरी घेऊन. म्हटलं काय, तर म्हणाली फडकी.

आत बघितलं. पंप, जाळी, वॉल्व्ह, सगळं वीतभर जागेत मांडलेलं, देवघरासारखं स्वच्छ. ओल नाही! बुरशी नाही! फळी टणटणीत. आणि दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने एकाखाली एक तारखा. मोजल्या. अकरा. पहिली, मी रागाने निघून गेलो त्याच्या दुसऱ्या दिवसाची. मग दर वर्षी एक. सगळ्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या.

मी आक्काकडे असतो ते चार दिवस!

दर वर्षी मी परतल्यावर चारचौघांत सांगायचो, बघा, इतकी वर्षं झाली, हात लावावा लागला नाही, काम असावं तर असं. आणि हा दर वर्षी बसने येऊन, जाळी धुऊन, वॉशर बदलून, तारीख टाकून, मी यायच्या आत जायचा. चहा कोण देत होतं, बॅटरी कोण धरत होतं, ते विचारायला नको. नंबर पाठ असणारच.

तोच म्हणाला, पंपाकडे बघतच, "तुझं काम बघायला यायचो रे. एवढं चांगलं कोण करतं."

मग पाना काढला. आणि मला दिसलं — त्याचा उजवा हात थरथरतो. नटावर पाना बसेना. दोनदा निसटला. मी हातातून घेतला. म्हटलं, तू सांग, मी फिरवतो. दोघांची डोकी एका खणाच्या भोकात, त्याच्या गळ्यातला स्टेथोस्कोप माझ्या कानात टोचतोय, आणि तो सांगतोय, डावा नाही दादा, उजवा. जन्मभर उलटंच फिरवतोस.

अर्धा आटा फिरला आणि घट्ट. बस्स, एवढंच होतं! पंपाच्या तोंडाशी असलेला एक नट.

तो जरा वेळ नटाकडे बघत होता. म्हणाला, वॉशर चांगला आहे, गेल्या वर्षीच घातला. नुसता नट सैल होता. आपोआप होत नाही असं. मी म्हटलं, म्हातारा झालास, हात थरथरतो, गेल्या वर्षी सैलच राहिला असेल. तो मिशीत हसला, म्हणाला, असेल बाबा.

बावीस मिनिटं घड्याळ लावून आम्ही दोघं पलंगावर बसलो. चाळीस मिनिटं झाली. तास झाला. पंप गप्प.

लेकीने पाच वाजता मेट्रनला फोन केला. "मूल आणतेय," म्हणाली. मग खणासमोर बसून धाकट्याकडून सगळं समजून घेतलं — जाळी कधी धुवायची, थंडीत पाणी गोठण्याआधी पाइप कसे रिकामे करायचे, कुठला वॉल्व्ह आधी. वहीत लिहून घेतलं. पुढचं तीच बघेल.

बारावी तारीख धाकट्याने मला टाकायला लावली. माझं अक्षर त्याच्यापेक्षा वाईट.

१५ नोव्हेंबर, शनिवार

धाकटा राहिला. कापलेल्या दोन्ही जागांना आम्ही मिळून झाकणं केली, बिजागरी लावून. बिजागरी दिसते. दिसू दे.

१६ नोव्हेंबर, रविवार

गेली.

जीपवाला आठला आला. गोगलगाय कुरकुरत अंगणातून निघाली. भिंगरी खिडकीतून हात हलवत होती, माझा पट्टा गळ्यात घालून. पट्टा मी तिला देऊन टाकला. ओल नाही, गळती नाही. लेकीने वळणापर्यंत मागे बघितलं, मग पुढे.

जागा रिकामी. गवतावर चाकांचे दोन पट्टे, पिवळे. धाकटा दुपारच्या बसने गेला. पुढच्या रविवारी मी त्याच्याकडे जायचं ठरलंय. हीसुद्धा येणार म्हणते. आक्काकडे यायचं म्हटलं की कंबर धरायची.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज जेवणात मोठं पातेलं. विचारलं, सापडलं का? म्हणाली, सापडलं.

भांडी मी घासायला घेतली. पातेल्याच्या तळाला, आतून, क्षाराचं पांढरं वर्तुळ. बटणाएवढं. एकाच जागी थेंब थेंब पडत राहिलं की बसतं तसं. रोज दोन लिटर, आणि कुंड्या अशा तरारलेल्या!

दहा वर्षं बॅटरी धरली की नट कुठला आणि किती फिरवायचा ते कोणीही शिकेल.

ती आत शिवणयंत्रावर बसून गुणगुणत होती. मी पातेलं घासलं, पुसलं, जागेवर ठेवलं. वर्तुळ तेवढं घासलं नाही.